ऊन सगळ्यांचे, छप्पर कोणाचे?

गेला पावसाळा सरल्यानंतरच्या एका रविवारी नालासोपारा पूर्वेच्या एका बुद्धविहारात वंदनेनंतर बैठक बसली होती. विषय साधाच होता. विहाराचे विजेचे बिल दर महिन्याला वर्गणीतून भरावे लागते आणि दोन महिने थकले की मीटर तोडायला माणूस दारात उभा राहतो. वालीवच्या एका गाळ्यात वायरमनचे काम करणाऱ्या तरुणाने सूचना मांडली की छपरावर सोलर बसवू या, सरकार अनुदान देते आहे. सगळ्यांना ती पटली. मग कुणीतरी विचारले, अर्ज कोणाच्या नावाने करायचा? मीटर कालकथित झालेल्या एका उपासकाच्या नावावर, जागेचा कागद नाही, वर पत्रा. विषय तिथेच थांबला आणि बैठक पुन्हा वर्गणीकडे वळली.

निघताना त्या तरुणाने मला गाठले. म्हणाला, "सर, ऊन तर फुकट आहे ना? मग एवढे कागद कशाला?"

त्याच्या प्रश्नाला पायऱ्यांवर उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. ते देण्यासाठी हा लेख.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या अभिमानाने जाहीर केले की देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, तेल आणि वायू सोडून इतर स्रोतांची झाली आहे. २०३० सालचे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले, असे सांगण्यात आले. आकडा खोटा नाही. पण आपल्या लोकांना आकड्यांतली मेख सांगण्याची गरज नाही. मंजूर पदे किती आणि भरलेली पदे किती, यातला फरक आपण तीन पिढ्या भोगतो आहोत. इथेही तसेच आहे. क्षमता म्हणजे मंजूर पदे, निर्मिती म्हणजे भरलेली पदे. सौर पटल सूर्य मावळला की निजते, कोळशाची भट्टी रात्रंदिवस जळते. त्यामुळे २०२४-२५ मध्ये देशात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती. खनिज तेलाचे तर बोलायलाच नको. आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशातून येते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा अर्नाळ्याच्या कोळ्याला त्या देशाचे नाव नकाशावर दाखवता आले नसते, पण जगाच्या बाजारात तेल भडकले की त्याच्या बोटीचा डिझेलचा हिशेब कोलमडतो, हे तो कुठल्याही अर्थतज्ज्ञाआधी जाणतो.

तेव्हा कोळसा आणि तेल सोडायला हवे की नको, हा वादाचा मुद्दा उरलेला नाही. सोडायलाच हवे. जुलै २०१८ च्या पावसात वसईच्या मिठागर वस्तीत सुमारे चारशे माणसे पाण्याने वेढली गेली होती. त्याच दिवसांत नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून गाड्या अडकल्या आणि प्रवाशांना होड्यांतून काढावे लागले. हवामान बिघडले की आधी कोणाच्या घरात पाणी शिरते, हे वसई-विरारच्या माणसाला परिषदेत जाऊन शिकावे लागत नाही. प्रश्न वेगळाच आहे. इंधन बदलते आहे, पण मालक बदलतो आहे का? की कोळशाच्या धुरात जे उपरे होते तेच उन्हाच्या उजेडातही उपरेच राहणार?

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. जिल्हा नवा असला तरी मुंबईला वीज पुरविण्याचे त्याचे काम जुने आहे. देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे तिसरी आणि चौथी अणुभट्टी उभी करताना अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठविली गेली. समुद्रावर जगणाऱ्या माणसांना समुद्रापासून दूर वसविण्यात आले आणि पुनर्वसनाचे त्यांचे भांडण वर्षानुवर्षे उच्च न्यायालयात चालले. डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र १९९५ च्या सुमारास सुरू झाले. मालक बदलत गेले, आधी बीएसईएस, मग रिलायन्स, २०१८ पासून अदानी. वीज मात्र सुरुवातीपासून मुंबईच्या उपनगरांत जाते. चिकूच्या बागा डहाणूच्या, राख डहाणूची, खाडी डहाणूची, आणि दिवे अंधेरी-बोरिवलीचे. डहाणूच्या पाड्यावर दिवा लागला तर तो महावितरणचा, आणि तो कधी जाईल याचा नेम नाही.

एक गोष्ट मात्र इथे नोंदवायला हवी, कारण ती लढण्याने मिळाली. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसले, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. स्थानिकांच्या चिकाटीमुळे आणि या प्राधिकरणाच्या तगाद्यामुळे २००७ मध्ये त्या केंद्राला धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा बसवावी लागली. देशात तेव्हा अशी यंत्रणा असलेली केंद्रे बोटांवर मोजण्यासारखी होती. उलट बाजू पाहा. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुसंख्य कोळसा केंद्रांना ही यंत्रणा बसविण्याच्या सक्तीतूनच सूट दिली. एकीकडे हरित ऊर्जेचे ढोल वाजवायचे आणि दुसरीकडे कोळशाच्या धुरावरची चाळणी काढून टाकायची. धूर कोणाच्या वस्तीवर उतरतो, हे ठाऊक असल्याशिवाय असा निर्णय इतक्या शांतपणे होत नाही.

कोळसा वाईट आणि पाणी-वारा-ऊन चांगले, असे सरळ गणित मांडणाऱ्या शहाण्यांना एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मुंबईने कोळसा सोडण्याचा पहिला प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच केला आहे. गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडविले, १९१५ मध्ये खोपोलीची, १९२२ मध्ये भिवपुरीची आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज आली. स्वच्छ वीज होती, धूर नाही की राख नाही. आजच्या भाषेत तिला हरित म्हटले असते. त्या हरित विजेसाठी मुळशी खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. १९२१ ते १९२४ या काळात मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी धरण झालेच. भरपाईचा नियम तेव्हाही आजच्यासारखाच होता. ज्याचे नाव कागदावर त्याला पैसा. ज्याची जमीन सावकाराच्या वहीत गुंतलेली, त्याच्या हाती काय पडणार? आणि ज्याला जमीनच नव्हती, जो गावच्या कामावर आणि बलुत्यावर जगत होता, त्याचे तर गाव बुडाले म्हणजे सगळेच बुडाले. मुंबईच्या लोकलगाड्या विजेवर धावू लागल्या, १९३६ मध्ये वीज विरारपर्यंत आली. त्या गाडीला लटकून आपले बाप-आजे कामाला गेले. मुळशीला बुडालेल्या माणसाचे नाव त्या डब्यात कुणालाही ठाऊक नव्हते.

इथे बाबासाहेबांकडे जावे लागते. सवयीने नव्हे, तर विजेच्या प्रश्नावर या देशात सर्वांत आधी मुळातून विचार करणाऱ्यांत ते होते म्हणून. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीच्या बैठकीचे अध्यक्षपद भूषविताना त्यांनी तारांचे आणि यंत्रांचे प्रश्न बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला तो मालकीचा. वीज सरकारच्या हाती असावी की खासगी कंपनीच्या? खासगी असेल तर लोकांच्या हिताचे काय बंधन घालणार? वीज स्वस्त हवी, भरपूर हवी, कारण शेतीवर लादलेल्या कोट्यवधी माणसांना कारखानदारीकडे नेल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. त्यांच्याच कारकिर्दीत वीज नियोजनासाठी केंद्रीय तांत्रिक मंडळ उभे राहिले आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी झाली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्याच मालकीचे असावेत, ही मागणी त्यांनी घटनेच्या कलमांच्या भाषेत लिहून ठेवली.

कोळशाचेही तसेच. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादला गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या खोल्या पाहिल्या. लगेच जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. युद्धाच्या निकडीत सरकारने स्त्रियांना भूमिगत खाणीत उतरविण्यावरची बंदी उठविली होती. त्याबद्दल कायदेमंडळात त्यांनाच उत्तर द्यावे लागले आणि त्यांनी पुरुषाइतक्याच कामाला स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी, हा मुद्दा पुढे ठेवला. हा प्रसंग आपल्या जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही. अडचणीचा आहे म्हणून असेल. मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो, कारण देशाला इंधन हवेच आहे अशा काळात, इंधन काढणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न मंत्रिपदावर बसून कसा लढवायचा, हे त्यातून दिसते.

आज हाच प्रश्न चंद्रपुरात उभा आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, ते चांदा आज कोळसा आणि वीज या दोन गोष्टींवर चालते. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. वसईच्या तारेत येणारी वीज कुठून येते म्हणून विचाराल तर तिच्यात चांद्याचा कोळसा आहेच. त्या खाणींत, त्या केंद्रात, राखेच्या तळ्याभोवतीच्या वस्त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत. कोळसा बंद होणार तर त्यांचे काय? कायम कामगाराला निवृत्तिवेतन तरी आहे. कंत्राटदाराच्या हजेरीपुस्तकावरच्या माणसाला एक दिवस फाटकावर अडविले की हिशेब संपला. जगभर यासाठी 'न्याय्य स्थित्यंतर' असा भारदस्त शब्द निघाला आहे. चंद्रपूरच्या कंत्राटी कामगाराला तो अजून कुणी समजावून सांगितल्याचे ऐकिवात नाही.

आणि इथेच आपल्या चळवळीने सर्वांत जास्त लक्ष घालायला हवे असा मुद्दा येतो. त्याची चर्चा इंग्रजी वर्तमानपत्रांच्या पर्यावरण पानांवर कधीच होत नाही. जुनी वीज सार्वजनिक क्षेत्राची होती. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. या मंडळाने आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीला हेल्पर केले, लाइनमन केले, कारकून केले, पुढे अभियंतेही केले. ते उपकार नव्हते, राखीव जागांचा हक्क होता. विहारांच्या देणगीदारांच्या जुन्या पाट्या वाचा, नावापुढे एमएसईबी लिहिलेले दिसेल. कोळसा खाणी १९७०च्या दशकात राष्ट्रीयीकृत झाल्या तेव्हा तिथेही तेच घडले. २००३ चा वीज कायदा आला, जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. तरी त्या सरकारी राहिल्या, राखीव जागा राहिल्या. अनुशेष राहिला, ते वेगळे दुखणे. पण देशातली बहुतेक सौर आणि पवनवीज खासगी कंपन्यांची आहे. तिथे राखीव जागा नाहीत. तिथे आपला आयटीआय शिकलेला पोरगा पटले पुसायला आणि खांब रोवायला कंत्राटावर जातो, दिवस भरले की घरी येतो.

म्हणजे पाहा, कोळशाकडून उन्हाकडे जाताना देश आणखी एक प्रवास गुपचूप करतो आहे, आरक्षणाच्या क्षेत्राकडून बिनआरक्षणाच्या क्षेत्राकडे. धूर कमी करणे कोणाला नको आहे? पण धुराबरोबर संविधानाचे कलमही चिमणीतून बाहेर जात असेल तर ते पाहायला नको? ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातल्या वीज कर्मचाऱ्यांनी समांतर वितरण परवान्याच्या विरोधात संप पुकारला आणि सरकारशी बोलणी होऊन तो त्याच दिवशी मागे घेतला गेला. त्या दिवशी आपल्या वस्त्यांत चर्चा झाली ती वीज किती तास गेली याची. लाइनमनच्या नोकरीचे पुढे काय होणार, याची झाली नाही. चूक आपलीही आहे.

जमिनीचे दुखणे त्याहून जुने आहे. सौर प्रकल्पाला छप्पर नसेल तर जमीन लागते आणि या राज्यात जमीन म्हटले की गायरान आठवते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारो माणसे तुरुंगात गेली, ती याच जमिनींसाठी. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. प्रत्यक्षात किती बौद्ध, मातंग आणि पारधी कुटुंबांच्या हाती सातबारा पडला, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात जाऊन विचारावे. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी सरकारी जमिनी दिल्या जात आहेत, त्यांत गायरानेही आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू चांगला आहे, त्याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. पण ज्या गायरानाच्या तुकड्यावर भूमिहीनाने चाळीस वर्षे बाजरी पेरली त्याला अतिक्रमण म्हणायचे, आणि त्याच तुकड्यावर कंपनीने काच अंथरली की तिला विकास म्हणायचे, हा न्याय कोणत्या ग्रंथातला?

ज्याच्याकडे कागद होता त्याची तरी गत काय झाली? धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या धर्मा पाटील या वृद्ध शेतकऱ्याची पाच एकर जमीन दोंडाईचाच्या वीज प्रकल्पासाठी घेतली गेली. आधी तो प्रकल्प औष्णिक होता, पुढे सौर झाला. मोबदला मिळाला सुमारे चार लाख. शेजाऱ्यांना कितीतरी जास्त मिळाल्याचे सांगत ते वर्षानुवर्षे सरकारी दारे झिजवीत राहिले. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि २८ तारखेला प्राण सोडला. इंधन कोळशाचे होते तेव्हा ज्या टेबलावर त्यांची फाईल अडली होती, इंधन उन्हाचे झाल्यावरही ती त्याच टेबलावर अडलेली होती.

आता पुन्हा वसई-विरारला येऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळे छप्पर लागते आणि त्यातून महिन्याला शंभराच्या आसपास युनिट मिळतात. खोलीत दोन दिवे, एक पंखा, एक फ्रीज असलेल्या कुटुंबाला तेवढे पुरते. राज्य सरकारनेही २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असलेल्या ग्राहकांसाठी वरून आणखी मदत जाहीर केली, त्यात अनुसूचित जाती-जमातींना थोडे झुकते माप आहे. कागदावर छान आहे. अट एकच, वीजजोडणी तुमच्या नावाची हवी आणि छप्पर तुमचे हवे.

संतोष भुवन, धानीव बाग, पेल्हार, वालीव या पट्ट्यातल्या चाळीत राहणाऱ्याचे छप्पर कोणाचे असते? खोली भाड्याची, मीटर मालकाचे किंवा मधल्या माणसाचे, युनिटचा दर तो सांगेल तो. खोली विकत घेतली असेल तर कागद शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरचा. चार मजली इमारतीत घर असेल तर तिला भोगवटा प्रमाणपत्र नाही, जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नाही. आणि ती इमारत उद्या असेल का, हेही सांगता येत नाही. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडण्यात आल्या, सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. त्या बांधणारे आणि बांधू देणारे वेगळेच होते, उघड्यावर आली ती आयुष्याची पुंजी घातलेली माणसे. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ जीव गेले. ज्या स्लॅबखाली झोपायची भीती वाटते, त्या स्लॅबवर पटल कोण बसविणार?

२०११ च्या जनगणनेत बारा लाखांवर लोकसंख्या असलेल्या या शहरात सूर्यघरचा लाभ कोणाला होईल, हे आता वेगळे सांगायला नको. स्वतःचा बंगला, स्वतःची गच्ची. शिवाय अनुदानाचा हिशेबच असा की तीन किलोवॅटपर्यंत छप्पर जितके मोठे, तितकी सरकारी रक्कम मोठी. त्यापुढचा परिणाम आणखी वाईट आहे. जास्त वीज वापरणारा, जास्त दर भरणारा ग्राहक आपल्या छपराच्या विजेवर गेला की महावितरणच्या तारांचा, रोहित्रांचा आणि पगारांचा खर्च उरलेल्यांच्या बिलावर पसरतो. चाळीतल्या माणसाच्या बिलात स्थिर आकार आहे, वहन आकार आहे, सोळा टक्के वीज शुल्क आहे, कोळसा महागला की इंधन समायोजन आकारही आहे. म्हणजे उन्हाचा फायदा बंगल्याला आणि कोळशाचा भुर्दंड चाळीला, अशी ही वाटणी होते. वर्णव्यवस्था काही फक्त देवळात नसते.

शहराच्या कडेला गेले की चित्र आणखी काळे होते. हे शहर ज्या विटांनी उभे राहिले, त्या वसई, वाडा आणि भिवंडीच्या भट्ट्यांवर भाजल्या गेल्या. भट्टीत कोळशाचा चुरा आणि भाताचा तूस, आणि भट्टीपुढे उचल घेऊन आलेले कातकरी कुटुंब, लेकराबाळांसकट. या वेठबिगारीविरुद्धच वसई तालुक्यात १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी राहिली. आजही पारोळ-उसगावच्या बाजूला सकाळी रस्त्याने डोक्यावर मोळी घेतलेल्या आदिवासी बाया दिसतात. घरात उज्ज्वलाची टाकी असते, पण दुसरी भरून आणायला पैसे नसतात. पर्यायी ऊर्जेच्या कुठल्या आराखड्यात या बाईच्या चुलीचा विचार आहे? आणि गोखिवऱ्याच्या कचराभूमीचे काय? दर उन्हाळ्यात ती पेटते, आसपासच्या वस्त्या खोकतात. कचऱ्यापासून वीज करण्याच्या घोषणा आपण कितीदा ऐकल्या! तो कचरा हाताने निवडणारे कोण आहेत, हे घोषणा करणाऱ्यांना माहीत असते. एप्रिल २०२४ मध्ये विरारला एका खासगी सांडपाणी प्रकल्पात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. सांडपाण्यातल्या वायूपासून इंधन बनते, असे पुस्तकात लिहिलेले आहे. आपल्या माणसांना तो वायू असा भेटतो.

मग करायचे काय? सोलर आपले नाही म्हणून हात झटकायचे का? मुळीच नाही. उन्हावर जगण्याची विद्या या किनाऱ्यावर श्रमिकांचीच आहे. मिठागरात मीठ पिकविणारा उन्हाचाच कारखाना चालवितो. अर्नाळ्याची कोळीण बोंबील वाळविते ती उन्हावरच. आपल्या सोपाऱ्याच्या प्राचीन बंदरात, जिथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकलला, तिथे गलबते येत ती मोसमी वाऱ्यावर. वारा आणि ऊन कुणाच्या बापाची जहागीर नव्हती. जहागीर सुरू होते ती मीटरपासून, हे ओळखून मागणी करायला हवी.

पहिली मागणी छपराच्या अटीची. ज्याला स्वतःचे छप्पर नाही त्याच्यासाठी पटल दुसरीकडे बसवून त्याचे युनिट त्याच्या बिलातून वजा करता येतात. तंत्रात अडचण काही नाही, त्याला आभासी नेट मीटरिंग म्हणतात. महापालिकेच्या शाळा, दवाखाने, बस आगारे, बाजारांच्या इमारती यांची छपरे मोकळी आहेत. त्यांवरचा एक किलोवॅट एका चाळीतल्या खोलीच्या नावे का लावू नये? विरारहून पहाटेची गाडी पकडून रात्री परतणारा माणूस दिवसा घरी नसतो, म्हणून दिवसा बनलेले युनिट रात्रीच्या वापरातून वजा होणे हेही तितकेच जरुरीचे आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. आपल्याकडे सहकार म्हटले की साखरसम्राट डोळ्यांपुढे येतात, ही भीती खरी आहे. श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था चाळीस वर्षे चालली आणि थकबाकीच्या डोंगराखाली २०११ मध्ये तिचे काम महावितरणकडे गेले. पण पुढाऱ्याची सहकारी संस्था वेगळी आणि वस्तीतल्या पन्नास मीटरधारकांची वेगळी. महिला बचत गट चालविणाऱ्या आपल्या बायांना हा हिशेब जड नाही.

तिसरे, पैसा. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळविले गेले, त्याच खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, एवढेच. अनुसूचित जातींच्या हक्काचा निधी वस्तीच्या विजेसाठी मागायला आपण कधी गेलो? २०२१ मध्ये १४ एप्रिल ते ६ डिसेंबर या काळात महावितरणने डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना राबविली, ५०० रुपये अनामत पाच हप्त्यांत भरून जोडणी मिळत होती. किती वस्त्यांत आपण अर्ज भरून घेतले?

आणि शेवटी नोकरी. सरकारी जमीन, सरकारी अनुदान किंवा सरकारी वीजखरेदीचा करार घेणाऱ्या प्रत्येक सौर प्रकल्पात राखीव जागा हव्यात. दरवाढीच्या वेळी महाराष्ट्र वीज नियामक आयोग जनसुनावणी घेतो. तिथे उद्योजकांच्या संघटना वकील घेऊन येतात, ग्राहक संघटना येतात. निळा झेंडा घेऊन कुणी आल्याचे मी पाहिलेले नाही. पुढच्या सुनावणीला जायला हवे, लेखी हरकत घेऊन जायला हवे.

त्या विहाराचे म्हणाल तर काम सुरू झाले आहे. त्या तरुणाने मालमत्ता कराच्या जुन्या पावत्या शोधून काढल्या आहेत. कालकथित उपासकाच्या मुलीने मीटर विहाराच्या नावे करायला संमतीपत्र दिले आहे. विहार समितीची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करायचा अर्ज तयार आहे, त्यावर अकरा सह्या हव्यात, सात झाल्या आहेत. उरलेले चौघे रात्रपाळीला असतात. येत्या रविवारी सकाळी दहाला ते येणार आहेत.